सोमवारी आणजो

गेला दीड महिना मी घर आवरत होतो. बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिची भांडी भाचीला दिली, पुस्तकं वाचनालयात नेऊन टाकली, तीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका रद्दीत घातल्या. विशेष काही कारण नव्हतं. थकलो होतो, एवढंच. कपाटाच्या तळाशी बुद्धिबळाचा डबा निघाला तेव्हा मात्र मी फरशीवरच बसलो. मोजायची गरज नव्हती, तरी मोजल्या. एकतीस सोंगट्या. एक काळं प्यादं नाही. ते आमच्या सरांनी खिशात घालून नेलं होतं, आणि चांगलं जाणूनबुजून नेलं होतं.

सर म्हणजे सौंसरच्या शाळेत माझ्यासोबत होते ते इतिहासाचे सर. मी मराठी शिकवत असे. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, मूळचे पांढुर्ण्याचे. बाजाराच्या मागं दोन खोल्या घेऊन एकटे राहत. पोट्टे त्यांना 'उद्या सर' म्हणत. तास संपायला पाच मिनिटं उरली की सर जिथं असतील तिथं थांबायचे. पानिपतावर भाऊसाहेबांना त्यांनी चार दिवस घोड्यावर बसवून ठेवलं होतं, कारण मधे रविवार आला आणि त्याला लागून दोन सुट्ट्या.

"मंग काय झालं जी, सर?" पोट्टे ओरडत.

"उद्या," म्हणत सर खडू खिशात टाकत आणि निघून जात.

प्राचार्य डोक्याला हात लावायचे. अभ्यासक्रम कधी पुरा होत नसे. एकदा त्यांनी सर्वांसमोर जाब विचारला, तर सर म्हणतात कसे, "पुरा झाला, तर उद्या पोट्टे काहून येतील?"  मला तेव्हा वाटलं होतं, माणूस कामचुकार आहे आणि वर बोलायला हुशार आहे.

त्यांचं सगळंच अर्धं. खोलीची भिंत अर्धी निळी आणि अर्धी चुन्याची होती. निळ्या रंगाचा डबा आणि वाळून कडक झालेला ब्रश खाली तसाच पडलेला. चहाचा शेवटचा घोट ते कपात ठेवत. कुणाची छत्री नेली तर परत करत नसत, आणि त्यांची कुणी नेली तर मागत नसत; तुम्ही आपणहून द्यायला गेलात तर चिडत. "असू दे ना बे, कुठं चालला तू?" सेवानिवृत्तांच्या निरोप समारंभाला ते कधी येत नसत. माझ्याशी बुद्धिबळ खेळायचे, पण डाव संपत आला की उठायचे. पट तसाच स्टाफरूमच्या कपाटावर राहायचा, आणि शिपायाला ताकीद असे की धूळ पुसायची तर सोंगट्यांच्या भोवतीनं पुसायची.

एका दिवाळीला आमच्याकडे फराळाला आले. बायकोनं घर घासूनपुसून लख्ख केलं होतं. दारात उभे राहूनच म्हणाले, "वहिनी, एवढं चकाचक काहून केलं? कुठं जाऊन राहिल्या का?" तिला हसू आवरेना. पुढं ते आले की ती मुद्दाम त्यांच्यासमोर एक चादर चुरगळून पलंगावर टाकायची, तेव्हा कुठं ते आत येऊन बसत. "सगळं आवरून ठेवू नये. काही बाकी ठेवत जा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही त्यावर हसायचो. मी तर त्यांची नक्कल करत असे, अगदी झकास.

नकलांचा मला तेव्हा फार शौक होता. तोच नडला.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. गॅदरिंगसाठी मी स्वतः एक फार्स लिहिला. त्यात सगुणा नावाची नखरेल बायको होती. आमच्याकडे मुली नाटकात काम करायच्या नाहीत, आणि अकरावीत मोहगावकडचा एक मुलगा होता. चालणं हलकं, आवाज मऊ, हात बोलके. संत्र्याच्या बागेवाल्याचा मुलगा, सौंसरात भाड्याची खोली घेऊन शिकायचा. त्याचं नाव सांगत नाही. मी त्याला सगुणा केलं. माझ्या बायकोची मोरपंखी साडी त्याला नेसायला दिली. काय काम केलं पोरानं! मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. मला वाटलं, लाजरा पोरगा, मी त्याला धिटाई दिली.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्याचा नंबर आला आणि मी त्याचं नाव न घेता म्हणालो, "सगुणाबाई!"

वर्ग फुटला हसून. तोही थोडा हसला. मी खूष झालो, आणि आठवडाभर रोज तेच केलं. गंमत म्हणून, लाड म्हणून. मास्तरनं म्हटलं की मग पोट्ट्यांना परवानाच. केस कापायच्या दुकानात सगुणा, बाजारात सगुणा, शाळेच्या मुतारीच्या भिंतीवर कोळशानं सगुणा. नाटकात ज्यानं तिच्या नवऱ्याचं काम केलं होतं, त्या मुलाला ह्यानं एक चिठ्ठी लिहिली होती. मनापासून लिहिली होती. त्या मुलानं ती मधल्या सुट्टीत चार जणांना वाचून दाखवली. चारांचे चाळीस व्हायला किती वेळ लागतो? त्या काळी आमच्याकडे ह्या गोष्टीला शिवीशिवाय शब्द नव्हता. त्याची वही फाडली, डबा नालीत टाकला, रस्त्यात अडवून नाचायला लावलं. मला हे ऐकू येत होतं. मी म्हणत होतो, होईल आपोआप शांत.

फेब्रुवारीतला शनिवार होता, सकाळची शाळा. तो स्टाफरूममध्ये आला. हातात ती साडी. धुतलेली, इस्त्री केलेली, घडीला घडी बसलेली. ब्लाऊजचं तुटलेलं हुकसुद्धा त्यानं लावून आणलं होतं. वर वाचनालयाची दोन पुस्तकं.

"काकूले धन्यवाद सांगजा, सर," म्हणाला आणि माझ्या पाया पडला.

तो गेल्यावर मी म्हणालो, "पाहा, किती व्यवस्थित पोरगा आहे!"

सर कोपऱ्यात पेपर वाचत होते, अर्धाच, नेहमीसारखा. त्यांनी मान वर केली. चेहरा असा झाला की मी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

"अजून काय काय वापस केलं त्यानं?"

मला काय माहीत? पण शेजारी बसलेले गणिताचे मास्तर म्हणाले, की त्यांच्या पोराला त्यानं काल आपली कंपासपेटी देऊन टाकली, नवीकोरी. सरांनी माझ्या हातातून साडी ओढली. "तू घेतली काहून ही? चाल. सायकल काढ."

भर दुपारी आम्ही त्याच्या खोलीवर गेलो.  दार उघडंच होतं. खोली झाडलेली, गादीची वळकटी बांधलेली, पुस्तकांची चळत करून वर कागद ठेवलेला. तो भिंतीला टेकून बसला होता. सर त्याच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघे दुखत असताना मांडी घालून, आणि सरळ विचारलं,

"जीव द्यायचा विचार करून राहिला का?"

मी दारात होतो.  असं विचारतात का कुणाला? नसेल मनात तर येईल ना! मी काही बोलणार तोच सरांनी न पाहता हात वर करून मला गप्प केलं.

तो वळकटीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.  मग त्यानं मान हलवली. हो.

"कधीपासून?"

"गॅदरिंग झालं तेव्हापासून, जी."

गॅदरिंग माझं होतं. फार्स माझा, नाव माझं, हजेरी माझी. आज इतकी वर्षं झाली, ते वाक्य आठवलं की मला अजून घाम फुटतो.

सरांनी ना देवाचं नाव घेतलं ना आईबापाचं. ना समजावलं, ना रागावले. ऐकत राहिले. पोरगा रडला, थांबला, पुन्हा रडला. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "आज माझ्या घरी चाल. आज, उद्या, परीक्षेपर्यंत. माझी भिंत अर्धी राहिली आहे, मले एकट्याले होत नाही." मग साडी त्याच्यापुढं धरली. "आणि हे मास्तर म्हणून राहिले, की साडीवर डाग आहे."

मी बावळटासारखा पाहत राहिलो. सरांनी डोळे वटारले.

"हो, आहे ना," मी म्हणालो. "डाग आहे."

"कुठं, सर?" त्यानं डोळे पुसत विचारलं. इतका सज्जन पोरगा, त्या अवस्थेतही त्याला डागाची काळजी.

मी काठाजवळ कुठंतरी बोट ठेवलं. तिथं काही नव्हतं.

"सोमवारी आणजो," सर म्हणाले.

संध्याकाळी सरांच्या ओसरीवर आम्ही दोघं बसलो होतो. आत तो झोपला होता. किती दिवसांचा जागा होता कोण जाणे. मी म्हणालो, "सर, तुम्ही असं सरळ कसं काय विचारलं? काही उलटं झालं असतं म्हणजे?"

"विचारल्यानं कोणी मरत नाही, मास्तर," सर म्हणाले. "ट्रेनिंग कॉलेजात मी अन् माझा एक दोस्त एका खोलीत राहत होतो. तो मले आवडे. जशी तुले तुझी बायको आवडते, तसा. त्यालेही मी आवडत होतो. लोकाइले समजलं. मंग काय, चालू झालं, आता ह्याचं झालं तसंच. एका शनिवारी त्यानं सगळ्यांचं सगळं वापस केलं. माझा कंगवाही धुऊन ठेवला. मी म्हटलं, वा रे वा, किती शिस्तीचा झाला! तूही आज तेच म्हणला ना? रविवारी तो नव्हता. मी विचारलं नाही त्याले. मले वाटलं, कसं विचारू."

त्यांनी कप उचलला, शेवटचा घोट तसाच ठेवला आणि कप खाली ठेवला. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. दहा वर्षं मी ह्या माणसाची नक्कल करून लोकांना हसवत होतो.

सोमवारी तो साडी घेऊन आला. मी घरी बायकोला सगळं सांगितलं होतं. तिनं साडी उलगडली, उजेडात धरली आणि म्हणाली, "डाग गेला, पण फॉल सुटला आहे रे इथं. एवढा टाचून आण." फॉल तिनं आतल्या खोलीत जाऊन स्वतःच नखानं उसवला होता. पुढच्या सोमवारी इस्त्री नीट नव्हती. त्याच्या पुढच्या सोमवारी पदराचा गोंडा. परीक्षा येईपर्यंत ती साडी आमच्या घरी एक रात्रही राहिली नाही. त्याला कळत होतं का? मला वाटतं, तिसऱ्या सोमवारीच कळलं असावं. पण तो आणत राहिला.

सरांनी आणखी दोन कामं केली. नाटकात नवरा झालेल्या त्या मुलाला बोलावून चिठ्ठी घेतली, फाडली नाही, ज्याची त्याला परत दिली. "तुझी आहे, तू ठेवजो," म्हणाले. आणि मला म्हणाले, "हजेरीत नाव ठेवलं ना? हजेरीतच माफी माग."

मला तीन दिवस लागले. रोज रजिस्टर उघडायचो आणि नुसते नंबर पुकारून मिटायचो. चौथ्या दिवशी उभा राहून त्याचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणालो, "मी ह्याला जे नाव ठेवलं ते माझं चुकलं. ह्याच्यापुढं ज्याला ते नाव घ्यायचं आहे, त्यानं आधी माझ्या तोंडावर घ्यावं." मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. जादू वगैरे काही झाली नाही. भिंतीवरचा कोळसा मी पुसला, तर चार दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा पुसला. मधल्या सुट्टीत सर त्याच्यासोबत व्हरांड्यात फिरायचे, आणि नंतर मीही फिरायला लागलो. हळूहळू पोट्टे कंटाळले, एवढंच. सर त्याला दोन-तीनदा नागपूरला एका डॉक्टरकडेही घेऊन गेले, गाजावाजा न करता.

मार्चात त्याचे वडील आले. गावापर्यंत गोष्ट पोचली होती. धोतर, डोक्याला शेला, हातात संत्र्यांची टोपली. म्हणाले, पोराला बाहेरची बाधा झाली आहे, जामसांवलीला मारुतीसमोर पाच शनिवार न्यायचं. मला वाटलं आता सर भडकणार. सर म्हणाले, "चाला, मीही येतो."

जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. सरांना तो फार आवडे. "एवढ्या देवाइत हा एकटाच घाईत नाही," म्हणायचे. आम्ही चौघं गेलो. दर्शन झालं. वडील डोळे मिटून पुटपुटत होते, पोरगा मान खाली घालून उभा. सर आत बराच वेळ थांबले. बाहेर पिंपळाखाली येऊन बसले आणि वडिलांना म्हणाले,

"मी विचारलं त्याले. तो म्हणे, पोराले काही बाधा नाही. बाधा शाळेले झाली आहे."

वडील सरांच्या तोंडाकडे पाहत राहिले. "तुमाले सांगतलं त्यानं?"

"निजला आहे, पण कान उघडे आहेत त्याचे."

बिचारा माणूस. शहाणा होता, अडाणी नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "मंग हा असाच राहीन का, सर?"

"हाव, असाच," सर म्हणाले. "पण हा राहीन. तुमच्यासमोर राहीन. तेवढं पाहा तुम्ही."

वडिलांनी टोपलीतलं एक संत्रं काढलं, सोललं, आणि निम्मं पोराच्या हातावर ठेवलं.  चार शनिवार राहिले होते. त्यांचं पुढं काही निघालं नाही.

तो पास झाला, नागपूरला गेला, नोकरीला लागला. तिथं एका माणसासोबत राहतो, त्यालाही वीस-बावीस वर्षं झाली. दरवर्षी फेब्रुवारीत तो साडी घेऊन आमच्याकडे यायचा. बायको चष्मा लावून साडी पाहायची, काहीतरी खोड काढायची आणि परत पाठवायची. म्हाताऱ्या झालेल्या साडीत खोड काढणं तिला सोपंही जात होतं. ती गेल्यापासून साडी त्याच्याकडेच होती. सर पांढुर्ण्याला परत गेले आणि तिथंच वारले, म्हातारपणानं, अंथरुणात. शेवटचं भेटलो तेव्हा डाव मांडला होता. मी जिंकत होतो. ते उठले, एक काळं प्यादं खिशात टाकलं आणि म्हणाले, "आता संपला म्हणून दाखव." तिथल्या घराचीही भिंत अर्धीच रंगवलेली होती; त्यांच्या भाच्यानं नंतर ती पुरी रंगवून घर विकलं.

तर, तो डबा सापडला त्या संध्याकाळी मी त्या पोराला नागपूरला फोन केला. म्हणालो, "बाबू, आता ती साडी आणायची गरज नाही. बघणारी गेली. तुझ्याकडेच असू दे. एकदाचं मिटवून टाकू."

 तो म्हणाला, "बरं सर."

काल सकाळी दारात उभा. पहिल्या बसनं आला होता. केस पांढरे, खांद्याला पिशवी. आत आला आणि बसलाच नाही. रिकामं पुस्तकांचं कपाट पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन मांडणी पाहिली, तिथं दोन ताटल्या आणि पाण्याचा एक गंज. कोपऱ्यात बांधून ठेवलेले माझे कोट पाहिले. मग माझ्यासमोर आला आणि खाली फरशीवर बसला. त्याचेही गुडघे आता दुखत असणार.

"सर," तो म्हणाला, "जीव द्यायचा विचार करून राहिले का?"

मी हसणार होतो. हसू आलं नाही. ह्या वयात, ह्या पोरासमोर मी रडलो. म्हणालो, "मरायचं असं काही ठरवलं नाही रे. पण सकाळी उठून करायचं काय, ते समजत नाही. कंटाळा आला आहे मला फार."

"आपले सर म्हणत, ह्या कंटाळ्यालेच विचारा लागते," तो म्हणाला. मग ऐकत बसला. मी किती वेळ बोललो माहीत नाही. दोन वर्षांत कुणाशी एवढं बोललो नव्हतो.

मग त्यानं पिशवीतून साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मोरपंखी रंग आता जवळजवळ राखेवर आला आहे. "पाहा सर," म्हणाला, "काही राहिलं का."

हे काम बायकोचं होतं. मला साडीतलं काय समजतं? आणि त्यानं ती इतकी निगुतीनं ठेवली होती की खरंच काही खोट नव्हती. मी काठावरून बोट फिरवत गेलो. एका जागी थांबलो. तिथं काही नव्हतं.

"इथं फॉल सुटला आहे," मी म्हणालो. "सोमवारी आणजो."

"हाव, जी," म्हणत त्यानं घडी घातली आणि साडी पिशवीत ठेवली.

तो इथंच बाजारात एका लॉजवर उतरला आहे, रजा घेऊन. छिंदवाड्याच्या एका डॉक्टरचा नंबर लिहून देऊन गेला आहे, मंगळवारी दोघांनी जायचं ठरलं. आज रविवार. मघाशी मी भाचीला फोन केला, म्हटलं, बाकी सगळं राहू दे, पण चहाचं पातेलं तेवढं परत पाठव. उद्या तो येणार आहे.